हिंगणघाटचा चंद्र आणि न्यूयॉर्कचं तिकीट

“मॅडम, न्यूयॉर्क त लय जवळ निंगालं! सकायी सहाले मुंबईहून सुटते न दुपारी साडेतीनले पोचते. आपली वर्ध्याची गाडी बी मुंबईले इतक्यात पोचत नाई!”

हिंगणघाटचे सरकी-ढेपेचे व्यापारी बापूराव तिकीट हातात धरून खूश होते. ऐंशीच्या दशकात मी वर्ध्याच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत बुकिंग पाहायची. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी कौसल्याबाई न्यूयॉर्कला लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी एकट्याच निघाल्या होत्या.

मी समजावलं. तिकिटावर लोकल टाइम असतो. सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचण्याची न्यूयॉर्कच्या. ते घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. लंडनमार्गे अंतर पावणेतेरा हजार किलोमीटर. थांबा धरून प्रवास एकोणीस तासांचा.

कौसल्याबाईंनी विचारलं, “मंग चंद्र कवा दिसन?”

प्रवासाच्या दिवशी संकष्टी होती. लग्न झाल्यापासून त्या दिवसभर चहापाण्यावर राहून चंद्र पाहिल्यावरच जेवत. मी हिशेब मांडला. विमान पश्चिमेला, सूर्यामागे पळणार. दिवस लांबतच जाणार. न्यूयॉर्कला चंद्र उगवेल तेव्हा हिंगणघाटात दुसरी सकाळ झालेली असणार. आणि बाईंना शुगरच्या गोळ्या चालू. इतका वेळ उपाशी राहणं धोक्याचं होतं.

“एक संकष्टी सोड,” बापूराव म्हणाले.

“तुमी सोडता का दुकान एक दिवस? ताई, तारीख बदला.”

मी एअरलाइनला फोन लावला. पुढची कन्फर्म सीट तीन आठवड्यांनी. तोवर बाळंतपण उरकलं असतं.

मी दुसरा मार्ग काढला. “हातातलं घड्याळ बदलू नका. हिंगणघाटला चंद्र उगवेल तेव्हा तुम्ही समुद्रावर, भर उन्हात असाल. बापूराव गच्चीवरून अर्घ्य देतील. तुम्ही घड्याळ पाहून जेवा.”

कौसल्याबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाल्या, “चालन. पण अर्घ्य देनाऱ्यानं उपास धरा लागते.”

“मी? मले सकायी भजे लागतात!”

“काऊन, लेक माह्या एकटीचीच हाय का?”

बापूरावांनी तिकीट खिशात ठेवलं.

कौसल्याबाई सुखरूप पोचल्या. लंडन सुटल्यावर घड्याळात वेळ झाली, तशी त्यांनी घरच्या दशम्या खाऊन गोळी घेतली. शेजारची गोरी बाई खिडकीची झडप ओढून ऊन अडवत होती.

आठवड्याभरात नात झाली. बापूराव पेढे घेऊन आले, तेही तक्रार करतच.

“ती तिकडं घड्याय पाहून जेवली. इथं आभाय भरलं होतं! माह्या मायनं चंद्र निंगेपर्यंत मले गच्चीवरून खाली येऊ देल्लं नाई. कोनतं विमान न कोनतं काय, उपाशी मीच राह्यलो!”

अंतर आणि तास टाइमटेबलात सापडतात. उपवास मात्र गिऱ्हाइकाला विचारावे लागतात. तेव्हापासून मी ते पासपोर्टच्या आधी विचारू लागले.