बाईंची वर्दी

माझी आत्या शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिलाईवरून बोट फिरवायचं आणि खोट काढायची, याचाच तिला पगार मिळायचा. कारखान्यात तिला ‘चाळणी’ म्हणत. सांगून आलेली स्थळंही तिनं तशीच उलटीपालटी करून परत पाठवली आणि स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी, ताठ मानेनं राहिली. संशय आमच्या घराण्यातच आहे. तिला निदान त्याचे पैसे तरी मिळाले.

म्हातारपणी तिची नजर अधू होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातोय. ती मात्र म्हणायची, “थोडं अंधुक दिसतं, एवढंच.” मी बजावलं, “आणखी कमी झालं तर सरळ माझ्याकडे यायचं. काही ऐकून घेणार नाही.” तोवर तिच्यासोबत दिवसभर राहायला एक बाई ठेवली.

त्या बाईंवर माझा पहिल्यापासूनच संशय. मी दारात पाऊल टाकायचा अवकाश, की त्या खणखणीत आवाजात वर्दी द्यायच्या, “भाचीबाई आल्या हो! हिरवा शर्ट, हातात पिशवी!” मी काय पोलीस होते? त्या कुणाला सावध करत होत्या? आत गेल्यावर आत्या म्हणायची, “हिरवा तुला मुळीच शोभत नाही.” पण बघायची खिडकीकडे. मग बाई खाकरायच्या, की आत्या तोंड वळवायची. एकदा पायपुसणं गायब, पुढच्या खेपेला काचेची टीपॉय. विचारलं तर दोघी ताकास तूर लागू देईनात. कुठेतरी पाणी मुरत होतं. म्हातारीला फितवून बाई घर धुऊन नेणार, अशी माझी खात्रीच झाली.

एका दुपारी बाई औषधांच्या दुकानात शिरताना दिसल्या आणि मी संधी साधली. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, चपला बाहेरच काढल्या आणि आत्याच्या अगदी समोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

“आलात? ड्रॉप्स मिळाले?” आत्या म्हणाली.

मी पिशवी हळूच खाली ठेवली.

“आज ती यायची आहे. रंग सांगायला विसरू नका. आणि टीपॉय पलंगाखाली अजून आत ढकला. मी अडखळून पडते म्हणून काढली हे कळलं, तर संपलंच. समोर बघितलं की तिच्या तोंडाच्या जागी नुसतं भोक दिसतं हो. खिडकीकडे बघितलं तर कडेनं जराशी दिसते, पण तिला वाटतं मी नजर चुकवते. बाई, तिला कळलं तर ती मला घेऊन जाईल. प्रेमानं नेईल, तीच तर भीती आहे. नाही कसं म्हणू?”

चोर पकडायला आले होते, आणि या घरात जिची भीती होती ती मीच निघाले. मला लाज वाटली.

बाईंचा समजून तिनं माझा हात धरला. बोट कफवर गेलं, शिलाईवरून सरकलं आणि एका सुटलेल्या टाक्यापाशी थांबलं.

“बाईंचा ॲप्रन बिनबाह्यांचा असतो,” ती हळूच म्हणाली. “हा कफ कुणाचा?”

“माझा, आत्या.”

तिनं हात सोडला. मग विचारलं, “कधी निघायचं?” ती ताठ मान मी पहिल्यांदाच खाली गेलेली पाहिली.

मी खुर्ची उचलली आणि तिच्या समोरून काढून बाजूला, खिडकीजवळ ठेवली.

“कुठेही नाही निघायचं. तू इथेच राहायचं. बाईही राहतील.”

“शब्द?”

“शब्द.”

ती काही लगेच विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हे. मान न वळवता, समोरच्या भिंतीकडे बघत तिनं मला कडेनं तपासलं, अगदी सावकाश.

“हं. नाक दिसलं,” ती म्हणाली. “माझ्या भावाचंच आहे. तो खोटं बोलत नसे.”