बॉनेटवरचा हात

आमची जुनी डिझेल गाडी बघायला इंदापूरहून एक गृहस्थ आले. मला ती विकायची नव्हती. पन्नाशीत मी तिच्यावरच गाडी चालवायला शिकले, पणदऱ्याच्या वाटेवर दोनदा उसात घातली आणि रस्ताच अरुंद आहे म्हणून गावभर सांगत सुटले.

थंडीत ती सुरू होताना थडथडते, म्हणून मुलानं आधीच थोडी चालवून ठेवली होती. गृहस्थांनी तापाच्या पोराचं कपाळ बघावं तसा बॉनेटवर तळहात टेकवला.

"आजी, च्या टाका. घाई न्हाय."

मी हौसेनं पोहेही केले, वर आणखी चहा. ते मधूनमधून उठून हात लावून येत. बॉनेट पार गार झाल्यावर त्यांनी किल्ली फिरवली. गाडी गदागदा हलली, पांढरा धूर ओकली. मुलाचा चेहरा पडला, मी पदराआड हसले. मिनिटभरानं ती शांत झाली.

"गार इंजिन तापवणारा एक हीटर प्लग गेलाय, दुसरं काय न्हाय. कुरकुर आधी ऐकली की घरी नेल्यावर भांडान न्हाय. घेतो मी."

गेली की गाडी! सासरचे मला बघायला आले तेव्हा मी किती गोड हसत बसले होते. सासूबाई पहिल्याच चहानंतर पसंती देऊन उठल्या, आणि माझी कुरकुर जन्मभर ऐकत राहिल्या.