मुकादमांची उजवी चप्पल

"सरका रं, चप्पल येऊ द्या."

असं म्हणत मुकादम गर्दीत शिरत आणि चालता चालताच उजव्या पायातली चप्पल काढून हातात घेत. 'मी येतोय' असं ते कधी म्हणत नसत. चप्पल येत असे. मुकादम तिच्या मागून. निपाणीत कुणाला फेफरं आलं की पहिलं बोलावणं त्यांना जाई. दवाखान्याची आठवण झालीच तर नंतर. दवाखाना जवळ होता, डॉक्टर शिकलेले होते, मीही बेळगावात रीतसर नर्सिंग शिकून आले होते. पण आमच्यापैकी कुणालाच तसा वास नव्हता.

त्या वासाबद्दल थोडं सांगते. मुकादम तंबाखूच्या वखारीत होते. कित्येक वर्षांचा तंबाखूचा भुगा, एरंडेल, पावसाळ्यातला चिखल आणि खुद्द मुकादम, असं सगळं त्या कातड्यात मुरलेलं होतं. डावी चप्पल ते पुसत, उजवी कधीच नाही. पुसली की गुण जातो म्हणे.

फेफऱ्याचा साधा झटका दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. मुकादमांना नव्हतं. वखारीतून ते पोचेपर्यंत झटकाच दमलेला असे. ते चप्पल नाकाशी धरत, रोगी निपचित होई, आणि लोक माझ्याकडे असे बघत, जणू इतका वेळ तो झटका मीच धरून ठेवला होता. एकदा मी त्यांना हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आनि तुमच्या औषधानं किती जण उठलं, बाई?"

आमच्यापर्यंत तेव्हा कुणी येतच नव्हतं.

पुढे त्यांची गुंजी गावात दिलेली बहीण वारली आणि तिची पोरकी मुलगी सुंदरा, पंधरा-सोळा वर्षांची, मामाकडे राहायला आली. गोरीगोमटी, कामाला वाघ. मुकादम तिला घेऊन बाजारातून जात तेव्हा चपलेइतकाच तिचाही दिमाख मिरवत.

काही महिन्यांनी एका दुपारी वखारीची बैलगाडी दवाखान्यासमोर थांबली. गाडीत सुंदरा होती, तिचं डोकं मुकादमांच्या मांडीवर, आणि मुकादमांचा उजवा पाय अनवाणी. पोरीचे हातपाय ताठ होऊन झटकत होते, ओठ काळेनिळे पडले होते. एक झटका संपून शुद्ध यायच्या आत दुसरा सुरू होत होता, आणि हे सकाळपासून चाललं होतं. चप्पल इतक्या वेळा लावली होती की नाकाचा शेंडा सोलून निघाला होता.

डॉक्टरांनी झटके थांबवायचं पॅराल्डिहाइडचं इंजेक्शन दिलं. त्या औषधाचा घाण वास ज्याने एकदा घेतला तो कधी विसरत नाही. खोली भरून गेली. झटके थोडे मंदावले, पुन्हा सुरू झाले. दुसरं इंजेक्शन दिलं. पुन्हा तेच. डॉक्टरांनी मुकादमांना विचारलं, आधी कधी असं झालं होतं का?

"न्हाय जी. पयलीच येळ."

औषध काही चालू होतं?

"न्हाय."

मग मेंदूचा ताप असेल, नाहीतर काही विषारी पोटात गेलं असेल. डॉक्टरांनी मला पाठीच्या मणक्यातून पाणी काढायची सुई उकळायला सांगितली. बाहेर व्हरांड्यात निम्मी वखार जमली होती. चप्पल हरते की काय, हे बघायला माणसं हातातलं काम टाकून येतात.

सुई उकळत असताना डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मुकादम, मेंदूचा ताप असेल तर उपचार एक, चालू गोळ्या अचानक बंद केल्या असतील तर दुसराच. मी अंदाजावर चाललोय. आणि पोरीकडे फार वेळ नाही."

मुकादमांनी उघड्या दाराकडे पाहिलं. मी दार लावायला उठले. पण मी पोचायच्या आत ते बोलले, आणि वखारीत बोलायच्या आवाजात बोलले.

"गोळ्या चालू हुत्या. हिच्या आईनं बेळगावच्या डॉक्टराकडनं आनलेल्या. मी बंद केल्या."

"का?"

"चपलवाल्याच्या घरात गोळ्या कशा चालतील, साहेब?"



डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली आणि ज्या औषधाच्या गोळ्या बंद झाल्या होत्या त्याचंच इंजेक्शन दिलं. झटके विरळ होत गेले. ऊन उतरेपर्यंत ती नुसती झोपली होती. जागी झाल्यावर तिने नाक मुरडून विचारलं, "मामा, कसला वास ह्यो?"

"माझा न्हवं," मुकादम म्हणाले. "साहेबांचा."

त्या दिवशी मी त्यांना भरपूर सुनावलं. माणसं लांब करायची, रोग्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर तडक इकडे आणायचं. घड्याळ कुणाकडं असतंय, असं त्यांनी विचारलं.

"बिडी असते ना?" मी म्हटलं. "पेटवा. ओढून संपली आणि झटका चालूच असला, तर गाडी जुंपा."

आता त्यांना कोण बोलावणार, असं मला वाटलं होतं. मी गावाला ओळखलं नव्हतं. रक्ताच्या नात्याला चपलेचा गुण येत नाही, असा निकाल गावाने आठ दिवसांत देऊन टाकला आणि बोलावणी पुन्हा सुरू झाली. मुकादम जात. फक्त आता ते "सरका रं, वारं येऊ द्या" म्हणत, आणि चप्पल लोकांवर उगारत. रोग्याला कुशीवर करून शेजारी बिडी ओढत बसत. बिडी संपली की म्हणत, "जुपा गाडी." त्यामुळे काही माणसं आमच्याकडे वेळेवर पोचली आणि जगली. श्रेय अर्थातच चपलेला.

सुंदराच्या गोळ्या मात्र ते दर महिन्याला स्वतः नेत. रांगेत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मागत.

स्वातंत्र्याच्या थोडं आधी ते तापाने गेले. अंगणात तिरडी बांधून झाली होती आणि वखारीतला एक हमाल रडता रडता धाडकन पडला. फेफरं. सगळ्यांनी सवयीने मुकादमांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना घाई नव्हती.

सुंदरा घरातून बाहेर आली. उंबऱ्याजवळच्या जोडातली उजवी चप्पल तिने उचलली.

"सरका, वारं येऊ द्या."

हमालाला कुशीवर वळवून ती शेजारी बसली. न सांगता एका म्हाताऱ्याने कानावरची बिडी काढून पेटवली. सगळं गाव त्या बिडीकडे बघत उभं राहिलं, तिरडीसकट. बिडी निम्मी उरली असताना हमालाने मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले.

"लागू पडली चप्पल," मागून कुणीतरी म्हणालं.

चप्पल त्याच्या नाकाच्या हातभर जवळसुद्धा गेली नव्हती.

सुंदराने ती परत डावीच्या शेजारी जुळवून ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "हं, उचला आता मामांना."