उलट्या आट्यांचा नट आणि आप्पांचा पाना

मंडळी, आज सकाळी पिरनवाडीत आमच्या दारात माझी एका नटाशी मारामारी झाली. गवत कापायच्या मशीनचं पातं बदलायचं होतं आणि नट काही सुटंना.

पान्याला पाईप लावून लोंबकळलो. पाना ताडकन तुटला, बोटं पात्यावर आदळली, रक्ताची धार लागली. मग डोकंच फिरलं. हातोडीनं नट असा बडवला की हातोडीचाच दांडा मोडला.

आवाज ऐकून आप्पा, म्हणजे माझे वडील, बाहेर आले. "आरं, ह्याचे आटे उलटे असतात. तासभर आवळाय लागलायस तू!"

पाना त्यांचा, दर खंडेनवमीला पुजलेला. त्यांनी दोन्ही तुकडे उचलले, कपाळाला लावले आणि आत गेले.

त्यापेक्षा त्यांनी मला दोन शिव्या तरी घालायच्या होत्या की, व्हय का न्हाय?