दुसऱ्यांदा विचारणाऱ्या मावशी

आमटीची पळी ताटावर धरून मावशी थांबायच्या. ओतायच्या नाहीत, मागेही घ्यायच्या नाहीत. जेवणारा "नको, नको" म्हणाला की त्या त्याच्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे बघायच्या. हात ताटावर आडवा आला तर पळी माघारी. नाही आला तर "घ्या की" म्हणत आमटी ताटात.

"एकदा न्हाय म्हणल्यानं काय व्हतंय? दुसऱ्यांदा इचारावं माणसानं," हे त्यांचं पालुपद.

बहात्तरच्या दुष्काळात कोरडवाहू मुलखातल्या वाशीजवळच्या एका गावात बोअर पाडायला परदेशी मदतीची तुकडी आली होती. मी तेव्हा नवाकोरा सरकारी कारकून. कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं, एवढ्या अपराधावर मला दुभाषा नेमलं. मावशी तंबूवर स्वयंपाकाला होत्या. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतल्या, पन्नाशीच्या, अंगानं बारीक, आणि चालणं असं की मला मागून पळावं लागायचं.

तुकडीत दोन गोरे साहेब. एक विलायतेचा, जमिनीखालच्या दगडांचा जाणकार. दुसरा अमेरिकेचा, यंत्र त्याच्या ताब्यात. मला वाटायचं, भाषा एक, रंग एक, म्हणजे माणसंही एकाच साच्यातली. मावशींना "थँक्यू" सोडून इंग्रजीचा गंध नव्हता, पण तिसऱ्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "भाऊ, ही दोघं एका घरची न्हाईत."

अमेरिकन साहेब पहिल्या सकाळी सगळ्यांशी हात मिळवत सुटला. मावशींपुढंही त्यानं हात केला. त्यांनी आधी पदराला हात पुसला, मग माझ्याकडं पाहिलं, मग दिला. हा गडी चुलीपाशी मांडी ठोकून बसायचा. घरी कोण आहे, लेकरं किती, सगळं विचारायचा. भूक असली की मागून भाकरी घ्यायचा. नसली की "नको" म्हणायचा, आणि ते नकोच असायचं. मावशींनी एकदा सवयीनं आग्रह करून वाढलं, तर बिचाऱ्यानं ते संपवलं आणि मला गंभीरपणे विचारलं, "मी स्पष्ट बोललो नव्हतो का?"

विलायती साहेब चुलीपाशी कधी बसला नाही. नाव-गाव विचारलं नाही. पण पाणी दिलं की थँक्यू, पेला उचलला की थँक्यू, आणि त्याच्या पायावर दुसऱ्या कुणाचा पाय पडला तरी माफी हाच मागायचा. जेवताना पहिल्यांदा हमखास नको. दोन दिवस अमेरिकनानं "त्याला नकोय" म्हणत भाकरीची टोपली पुढं सरकवली आणि हा अर्धपोटी उठला. तिसऱ्या दिवशी मावशींनी पळी धरली. हात आडवा आला नाही.

"ह्यो आपल्यासारखाच हाय," त्या म्हणाल्या. "लई लाजतंय."

यातला चांगला कोण, असं मी एकदा गमतीनं विचारलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "एक जवळ बसतंय, एक मान ठिवतंय. आमाला गावात दोन्ही कुठं मिळालं, भाऊ?"

गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायका घागर खाली ठेवून लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर ती वरून पाणी ओतायची. कायदा केव्हाच झाला होता, आणि मी सरकारी माणूस रोज ते बघत होतो. आजही त्याची लाज वाटते.

म्हणून वस्तीच्या कडेला बोअर पाडायचं ठरलं, तेव्हा मावशींचं स्वयंपाकात लक्ष राहिना. आमटीत दोनदा मीठ पडलं. पहिले दोन दिवस नुसती धूळ निघाली. तिसऱ्या दुपारी अमेरिकन साहेबानं घड्याळ पाहिलं. पुढची गावं वाट बघत होती.

"आणखी खोल जायचं की आवरायचं?" त्यानं विचारलं.

"यंत्र तुमचं," विलायती म्हणाला. "तुम्हाला योग्य वाटेल ते."

"ठीक. आवरा."

मी ते मराठीत सांगितलं. पाण्याची वाट बघत बसलेल्या वस्तीतल्या बायका उठल्या. चहा घेऊन आलेल्या मावशी तिथंच थबकल्या.

"भाऊ, त्याच्या हाताकडं बगा."

विलायती साहेबाच्या मुठीत शेवटचा वर आलेला दगडाचा चुरा होता. तो बोटांनी चोळत होता, टाकत नव्हता.

"अमेरिकेच्या सायबाला म्हणावं, दुसऱ्यांदा इचार त्याला."

स्वयंपाकाच्या बाईचं ऐकून साहेबाला शिकवायचं! माझी जीभ उचलेना. पण मावशी हलल्या नाहीत. शेवटी मी अमेरिकनाला म्हणालो, "त्यांना पुन्हा विचारा. ते पहिल्यांदा कधीच हो म्हणत नाहीत."

तो चक्रावला, पण माणूस मोकळा. गेला आणि विचारलं. विलायती म्हणाला, "छे, उगाच तुम्हाला त्रास." मागून मावशी मला म्हणाल्या, "अजून एकदा." तिसऱ्यांदा विचारल्यावर साहेब कानापर्यंत लाल झाला. "विचारताच आहात म्हणून सांगतो. दगड बदलतोय. इथं थांबू नये."

उन्हं कलताना धुळीच्या जागी चिखल उडाला, आणि मग पाणी. अमेरिकनानं ओरडत विलायतीला मिठी मारली. तो मांडवाच्या मेढीसारखा ताठ उभा राहून "वाईट नाही, वाईट नाही" म्हणत होता. मावशी रडत होत्या, आणि मीही.

हातपंप बसला त्या दिवशी गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या आणि लांब उभ्या राहिल्या. त्यांची विहीर तळाला गेली होती. पंपाचा दांडा मावशींच्या हातात होता.

"या, भरून घ्या."

"नको, नको. सहज आलो होतो."

मावशींच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो, बरं, जा मग. मावशी त्यांच्या घागरींकडं बघत होत्या. एकीनंही घागर परत डोक्यावर घेतली नव्हती.

"घ्या की," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा एक म्हातारी पुढं आली आणि तिनं आपली घागर पंपाखाली ठेवली.

दहाएक वर्षांनी दूध सोसायटीच्या कामासाठी त्या गावी गेलो. पंपावर गावाच्या आणि वस्तीच्या घागरी एका रांगेत होत्या. मावशी मात्र आदल्या उन्हाळ्यात गेल्या होत्या. त्यांच्या सुनेनं पेलाभर पाणी आणलं.

"नको," मी म्हणालो, "जीप थांबलीय."

ती पेला धरून तशीच उभी राहिली, माझ्या हाताकडं बघत. मी हात आडवा केला नाही.