मामीजींची जीभ

मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई, मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला बघितलंच नाही. मी डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसले, तोवर बाई सरळ आमच्या ज्वारी साठवायच्या ढोलीकडे गेल्या. मूठभर दाणे काढले, त्यांतला एक दाढेखाली धरून चावला आणि बाहेर येऊन मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, म्हणाल्या, "ज्वारी साजरी हाय. अशा घरची पोरगी चालन." माझं नाव त्यांनी लग्न झाल्यावर विचारलं.

वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी कारंज्याहून तळेगावात गेले. दोघांनाही कोणी विचारलं नव्हतं.

कापणीच्या वेळी पाऊस आला की भिजल्या कणसात दाणा आतल्या आत उगवायला लागतो. मोड बाहेर आला तर आंधळाही ओळखेल. पण मोड फुटायच्या आधी दाणा वरून अगदी सोज्वळ दिसतो, फक्त चावला तर किंचित गोड लागतो. ती एवढीशी गोडी मामीजींना कळायची. बाजारात त्या व्यापाऱ्याच्या पोत्यात हात घालत, दाणा चावत आणि चारचौघांत म्हणत, "ही पोटुशी हाय, भाऊ. लपवून लगन लावून राह्यला का?" बाया तोंडाला पदर लावून हसत. आमच्या आळीत तर त्यांनी चावल्याशिवाय कोणी बियाणं ठेवत नसे, कारण एकदा उगवलेला दाणा पुन्हा उगवत नाही. देवळातल्या भंडाऱ्याची ज्वारीही त्यांनी सोडली नाही. पुजारी कुरकुरला, देवाचं धान्य उष्टं केलं म्हणाला. मामीजी म्हणाल्या, "देवाले दात असते तर त्यानंच पाह्यलं असतं."

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला आणि तेव्हापासून माझी भाजी अळणी व्हायला लागली. म्हणजे त्यांच्या मते. मी मीठ वाढवत गेले आणि मामाजी मुकाट्याने तांब्यावर तांब्या रिचवत गेले.

ज्वारी कापून शेतात पडली होती तेव्हा पाऊस झाला. मळणी झाल्यावर मामीजींनी दाणा चावला आणि साजरी असल्याचं सांगून टाकलं. शेजारणींच्या ज्वारीलाही तोच निकाल मिळाला. शेजारणींनी त्यातलंच बियाणं बाजूला काढून ठेवलं.

आणि माझ्या भाकरी मोडायला लागल्या. पीठ ताजं, पहाटे मीच जात्यावर दळलेलं, तरी हाताला चिकटायचं. थापलेली भाकर उचलली की दोन तुकडे. नेमक्या तेव्हाच मामाजींची थोरली बहीण, गंगूआत्या, नवी सून बघायला आल्या. माझ्या परातीकडे बघत त्या म्हणाल्या, "चंद्रभागे, हिले माहेरी धाड. चार महिने हात बसू दे, मंग पाहू." आमच्या गावची एक मुलगी अशीच हात बसवायला माहेरी आली होती. तिला न्यायला पुढे कोणी आलंच नाही.

मामीजी मला म्हणाल्या, "सरक." स्वतः पीठ मळलं, भाकर थापली, उचलली. तिचेही दोन तुकडे झाले.

मामीजी उठल्या, ढोलीतून दाणे आणले, एक स्वतः चावला. बराच वेळ चावत राहिल्या. मग एक माझ्या हातावर ठेवला. "चाव."

मी चावला. "गोड लागते, मामीजी."

त्या खाली बसल्या. तोंड बंद ठेवलं असतं तर त्यांचं नाव शाबूत राहिलं असतं. सून काय, दुसरी मिळते. पण त्या नणंदेला म्हणाल्या, "पोरीचा हात चांगला हाय. ज्वारी उगवेल हाय म्हणून भाकर मोडते, अन् मले ते समजलं नाई. तापापासून माही जीभच मेली. मीठ समजत नाई, गूळ समजत नाई. लाजेनं सांगतलं नाई कोणाले."

मी रडले. त्यांच्यासाठी रडले असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी माहेरी जायचं टळलं म्हणून रडले. त्यांचं दुःख मला नंतर कळलं. त्याच दुपारी त्या आळीतल्या घराघरात गेल्या आणि सांगून आल्या, "ते बियाणं पेरू नका व. माही जीभ खोटं बोलली. पुढं माह्या सुनेले इचारजा." काही बाया कळवळल्या, काही हसल्या. बाजारात तर एका व्यापाऱ्याने विचारलंच, "काय मामी, आता काय चावता?"

"तुले," मामीजी म्हणाल्या.

पुढे कितीतरी वर्षं दाणा मी चावायची आणि व्यापाऱ्याची अब्रू त्या काढायच्या. माझ्या अंगात ते नव्हतं. मी नुसतं "गोड आहे" म्हणायची, पोटुशीपासून पुढचं सगळं त्यांचं. भाजीत मीठ किती घालायचं हेही त्यांनी माझ्यावर सोडलं आणि मामाजींचं आयुष्य वाढलं.

शेवटच्या आजारात त्यांना काही गिळवत नव्हतं. मी गुळाची लापशी पातळ करून चमच्याने भरवत होते. एक घास तोंडात घोळवून त्यांनी विचारलं, "गोड झाली का व?"

"झाली, मामीजी."

"मंग साजरी हाय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.