ताराबाईची पेज

सिंदेवाहीच्या बाजारात ताराबाई मासळी विकायला बसते. ढिवर मोहल्ल्यातल्या या बाईला कोणी उपाशी राहिलेले पाहवत नाही. तिच्या घरचा माणूस रिकाम्या पोटी तलावात उतरत नाही. पाणी उपाशी माणसाला ओढते, असे ती मानते. मुलगा अमर शाळेत माझा विद्यार्थी होता, तेव्हा हजेरी संपायच्या आत ती भाकर घेऊन दारात यायची.

अमरची मुलगी माधवी. जन्मापासून तिचा श्वास वाजायचा. दूध पिताना गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा. कफ असेल म्हणून ताराबाईने छातीला तेल चोळले. सून डिंपलला ते पटेना. तीच हट्टाने पोरीला नागपूरला घेऊन गेली. श्वासनळी जन्मतःच अरुंद आहे, ऑपरेशन करून रुंद करावी लागेल, असे तिथे कळले.

ऑपरेशनच्या सकाळी पोरीला काही द्यायचे नव्हते. भूल दिल्यावर पोटातले वर येऊन फुप्फुसात जाते, हे भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी घरच्या सगळ्यांना समजावले होते. ताराबाईनेही मान हलवली होती. पण डिंपल अंघोळीला गेली आणि माधवी भुकेने रडू लागली. एवढ्या मोठ्या कामाला लेकरू उपाशी जाणार, हे म्हातारीला सोसवेना. बोटाने चाटवता चाटवता पेजेची वाटी रिकामी झाली.

थिएटरच्या दारात डॉक्टरबाईंनी विचारले, काही दिले का? डिंपल नाही म्हणाली. ताराबाईला गप्प राहता आले असते.

"मी पेज चारली, बाई," ती म्हणाली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. त्याच दुपारी माधवीला सर्दी झाली, ताप चढला. अरुंद श्वासनळी आतून सुजली. डॉक्टरांनी श्वासासाठी सगळ्यात बारीक रबरी नळी घालून पाहिली. तीही पुढे सरकेना. दुसरा दिवस उजाडायच्या आत पोरगी गेली.

गावात कोणी ताराबाईला दोष दिला नाही, कारण डिंपलने पेजेचे कोणाला सांगितलेच नाही. मला सांगितले ते ताराबाईनेच, गिऱ्हाईक नसताना, खाली पाहून झिंगे निवडत. सून कामापुरते बोलते, म्हणाली. एकदा न राहवून तिने सुनेला म्हटले होते, "मले बोल न वं. शिव्या दे, पण बोल."

"बोलली तर मले थांबता येनार नाई, मामी," डिंपल म्हणाली, आणि उठून पाण्याला गेली.

पुढे अमर भेटला, तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली. थिएटरच्या दारातून परत फिरताना डॉक्टरबाईंनी डिंपलला बाजूला घेतले होते. सासूने लपवले असते तर पोरगी टेबलावरच दगावली असती, असे त्या म्हणाल्या होत्या. डिंपलने ते नवऱ्याला सांगितले, सासूला नाही.

मी ताराबाईला सांगू का, असे त्याला विचारले. 

"नोका सांगू, गुरुजी," तो म्हणाला. "ते डिंपललेच सांगू द्या."

अजून तिने सांगितलेले नाही.